खाऱ्या वाऱ्यात वातानुकूलन यंत्राचे आयुष्य कसे वाढवावे?

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम मार्गावर, चेंगलपट्टू जिल्ह्यात सिरुसेरी हे गाव आहे. तमिळनाडू राज्य उद्योग प्रोत्साहन महामंडळाच्या, म्हणजेच 'सिपकॉट'च्या माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे हे नाव देशभर परिचित झाले. नोकरीनिमित्त येथे आलेली कुटुंबे परिसरातील उंच इमारतींत राहतात आणि त्यांत महाराष्ट्रातून आलेल्यांचाही समावेश आहे. पुणे किंवा नाशिक येथे उन्हाळ्याचे दोन-तीन महिने चालणारे वातानुकूलन यंत्र, अर्थात रोजच्या बोलण्यातला 'एसी', येथे वर्षातील बहुतेक महिने चालतो. त्यामुळे तो लवकर झिजतो, असा सर्वसाधारण समज आहे.

हा समज अर्धाच खरा आहे. सिरुसेरीपासून बंगालचा उपसागर अवघ्या काही किलोमीटरवर आहे. मुट्टुकाडूची खाडी आणि बकिंगहॅम कालवा हेही जवळच असून शेजारच्या केळंबाक्कम-कोवलम पट्ट्यात मिठागरे आहेत. जी हवा आणि जे ऊन तेथे मीठ पिकवते, तेच इमारतीच्या बाहेर टांगलेल्या यंत्रावरही मिठाचा थर चढवीत असते. अशा ठिकाणी यंत्राचे आयुष्य वापरापेक्षा अधिक तीन गोष्टींवर अवलंबून असते. त्यावर साचणारे मीठ वेळेवर धुतले जाते का, यंत्र नीट बसविले आहे का आणि गळती शोधून बंद केली जाते का, या त्या तीन गोष्टी होत. यांपैकी एकही खर्चिक नाही. त्यांकडे दुर्लक्ष मात्र महाग पडते.

खारे वारे आणि धातू

दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना खारे वारे म्हणतात, हे आपण शाळेच्या भूगोलात शिकलेलो आहोत. चेन्नईच्या उन्हाळ्यात दुपारी हे वारे आले की जिवाला थोडा गारवा मिळतो. मात्र लाटा फुटताना उडालेले तुषार सुकून तयार झालेले मिठाचे सूक्ष्म कणही त्यांच्याबरोबर येतात.

कोरडे मीठ धातूला फारसा अपाय करीत नाही. ओले मीठ करते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतील पाणी शोषून स्वतःच विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलावा धरते. त्यामुळे किनाऱ्यालगत पाऊस नसतानाही यंत्राच्या पृष्ठभागावर खाऱ्या पाण्याचा अतिशय पातळ थर राहतो.

बाहेरच्या युनिटमध्ये बहुधा तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्याने जोडले गेले की तेथे विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते व त्यांतील अधिक क्रियाशील धातू, म्हणजे ॲल्युमिनियम, झिजू लागते. पट्ट्यांवर पांढरी भुकटी दिसू लागते, पुढे त्या हाताने चुरगळण्याइतक्या ठिसूळ होतात. पट्ट्या गेल्या की नळीतील उष्णता बाहेर पडत नाही. मग कॉम्प्रेसरला अधिक दाबाखाली, अधिक वेळ आणि अधिक तापून काम करावे लागते. यंत्राचा हा सर्वांत महाग भाग बिघडतो, तेव्हा दोष कॉम्प्रेसरला दिला जातो. प्रत्यक्षात सुरुवात पट्ट्यांवरील मिठापासून झालेली असते.

झाकलेले युनिट अधिक गंजते

पावसाने यंत्र खराब होईल या भीतीने अनेक घरांत बाहेरच्या युनिटवर पत्रा किंवा प्लॅस्टिकचे आच्छादन घालतात. किनाऱ्यावर याचा परिणाम नेमका उलटा होतो. बाहेरचे युनिट पावसात राहील अशा रीतीनेच बनविलेले असते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पाऊस उघड्या युनिटवरील बरेचसे मीठ फुकटात धुऊन नेतो. सज्जाच्या छताखाली, इमारतीच्या अरुंद पोकळीत किंवा जाळीच्या पेटीत बसविलेल्या युनिटपर्यंत पाऊस पोहोचत नाही, खारी हवा मात्र पोहोचते. तेथे मीठ वर्षानुवर्षे साचत राहते.

म्हणून ज्या युनिटला पाऊस लागत नाही, त्याला धुण्याची गरज सर्वांत जास्त आहे, हे सूत्र लक्षात ठेवावे. काही महिन्यांसाठी घर बंद ठेवून गावी जाताना युनिट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये, कारण आत कोंडलेला ओलावा गंज वाढवितो. वरून काही पडण्याची भीती असल्यास केवळ वरची बाजू झाकावी आणि चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

कोणत्या पाण्याने धुवावे?

युनिटपर्यंत गॅलरीतून सुरक्षितपणे हात पोहोचत असेल, तर हे काम घरच्या घरी करता येते. प्रथम यंत्राचा मुख्य स्विच व एमसीबी बंद करावा. पट्ट्यांवरील धूळ मऊ ब्रशने पट्ट्यांच्या दिशेने, म्हणजे उभी, झाडावी. नंतर पाण्याची हलकी धार वरून खाली सोडावी. विजेच्या जोडण्या ज्या बाजूस असतात त्या बाजूला पाणी मारू नये. जोराच्या फवाऱ्याने पट्ट्या वाकतात व हवेचा मार्ग बंद होतो. तारेचा ब्रश, आम्ल किंवा फरशी स्वच्छ करण्याची तीव्र रसायने यांचा वापर पूर्णपणे टाळावा. अनेक यंत्रांच्या पट्ट्यांवर निळसर किंवा सोनेरी संरक्षक लेप असतो. तो एकदा खरवडला गेला की गंजाला मोकळी वाट मिळते.

पाणी कोणते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. जुन्या महाबलीपुरम मार्गालगतच्या अनेक वसाहती कूपनलिकेच्या आणि टँकरच्या पाण्यावर विसंबून आहेत. कूपनलिकेचे पाणी मचूळ असेल, तर त्याने युनिट धुणे म्हणजे एक मीठ काढून दुसरे लावणे होय. यावर सोपा उपाय घरातच आहे. आतल्या युनिटच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतील बाष्पापासून तयार झालेले असते व त्यात क्षार जवळजवळ नसतात. चेन्नईच्या दमट हवेत रात्रभरात त्याची बादली सहज भरते. हे पाणी पिण्यायोग्य नाही, पण बाहेरचे युनिट धुण्यास, फरशी पुसण्यास किंवा झाडांना घालण्यास चांगले आहे.

युनिट भिंतीवर उंच बाहेर लटकलेले असल्यास मात्र स्वतः प्रयत्न करू नये. कारागीर येईल तेव्हा त्याने सुरक्षापट्टा बांधला आहे, याची खात्री करून घ्यावी. युनिट ज्या लोखंडी चौकटीवर उभे असते तिचे बोल्टही खाऱ्या हवेत गंजतात. गंजलेली चौकट तुटली तर खाली चालणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. दरवर्षी चौकटीची तपासणी करावी. नव्याने बसविताना जस्ताचा जाड मुलामा दिलेली किंवा स्टेनलेस स्टीलची चौकट आणि त्याच धातूचे बोल्ट घ्यावेत.

आतल्या युनिटची निगा

आतल्या युनिटची जाळी, म्हणजे फिल्टर, दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुवावी आणि सावलीत पूर्ण वाळवूनच परत बसवावी. जाळी धुळीने भरली की थंड कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइलवर बर्फ धरतो आणि द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरपर्यंत परत जाऊन त्याला इजा करू शकतो. खोलीत पाणी गळू लागले, तर बहुतेक वेळा निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबलेली असते.

घरातील हवाही तांब्याला त्रासदायक ठरू शकते. नव्या प्लायवूडचे फर्निचर, डिंक, रंग, काही प्रकारचे सीलंट आणि स्वच्छतेची द्रव्ये यांतून फॉर्मिक व ॲसेटिक आम्लाची वाफ बाहेर पडते. ही वाफ ओल्या कॉइलवर बसली की तांब्यात डोळ्यांना न दिसणारी, मुंग्यांच्या वारुळासारखी वेडीवाकडी छिद्रे पडतात. सांडपाण्याच्या वाहिनीतून येणारा हायड्रोजन सल्फाइड वायूही तांबे काळे करून पोखरतो. म्हणून एसीच्या निचऱ्याची नळी थेट मलवाहिनीत सोडू नये. सोडावीच लागली, तर मध्ये पाणी साचून राहील असा वळसा द्यावा. नवे फर्निचर केल्यावर पहिले काही आठवडे खिडक्या उघडून खोलीत हवा खेळू द्यावी.

गॅस कधी 'संपत' नाही

वातानुकूलन यंत्राविषयी सर्वाधिक खर्च करावयास लावणारा गैरसमज हा आहे की, गाडीतील पेट्रोलप्रमाणे त्यातील गॅसही हळूहळू संपतो व दरवर्षी भरावा लागतो. शीतक वायू बंद नळ्यांत फिरत असतो. तो खर्च होत नाही. तो कमी झाला, याचा एकच अर्थ आहे : कोठेतरी गळती आहे. गळती तशीच ठेवून दर उन्हाळ्यात गॅस भरणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होय. कमी गॅसवर चालणारा कॉम्प्रेसर नीट थंड होत नाही व अकाली जळतो.

थंडावा कमी होणे, बारीक नळीवर बर्फ दिसणे, सांध्यापाशी तेलाचा डाग पडणे ही गळतीची लक्षणे आहेत. असे दिसल्यास 'गॅस भरून द्या' असे न सांगता पुढील क्रमाने काम करण्याची मागणी करावी.

१. नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरून साबणाच्या फेसाने गळती शोधणे.
२. गळतीची जागा दुरुस्त करणे किंवा कॉइल बदलणे.
३. व्हॅक्यूम पंपाने हवा व ओलावा पूर्ण काढणे आणि काही वेळ थांबून काटा परत चढत नाही ना, हे पाहणे.
४. यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरणे.

दाबाच्या चाचणीसाठी ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नये. कॉम्प्रेसरमधील तेल आणि दाबाखालील ऑक्सिजन एकत्र आल्यास स्फोट होतो. पंपाऐवजी थोडा गॅस सोडून नळीतील हवा 'बाहेर ढकलणे' हा आडमार्गही स्वीकारू नये. आजच्या यंत्रांतील कृत्रिम तेल ओलावा चटकन शोषते व त्यातून आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसर आतून खराब होतो.

हा प्रश्न केवळ घरखर्चाचा नाही. आर-४१०ए हा वायू हवेत गेल्यास शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट उष्णता धरून ठेवतो. आर-३२ या वायूसाठी हे प्रमाण सुमारे ६७५ पट आहे. आर-३२ सौम्य ज्वलनशील आणि आर-२९०, म्हणजे प्रोपेन, पूर्ण ज्वलनशील आहे. त्यामुळे कोणत्या यंत्रात कोणता वायू आहे, हे पाहिल्याशिवाय नळी उघडू अथवा झाळू देऊ नये. एका प्रकारच्या वायूच्या जागी दुसरा भरणे तर धोक्याचेच आहे.

वीज आणि जोडणी

दीड टनाचे यंत्र साधारणपणे दीड किलोवॉट वीज घेते. त्यासाठी स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी, १६ अँपियरचा सॉकेट आणि खरोखर काम करणारे अर्थिंग आवश्यक आहे. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी चालवू नये. किनाऱ्यालगत विजेच्या जोडण्यांवरही हिरवट गंज चढतो, जोडणी सैल होते, तापते आणि आगीला निमित्त मिळते. प्लग गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करावे.

यंत्र बंद केल्यावर किंवा वीज गेल्यावर किमान तीन मिनिटे ते पुन्हा सुरू करू नये. तेवढ्या वेळात नळ्यांतील दाब समान होतो व कॉम्प्रेसरवर ताण येत नाही. आजची बहुतेक यंत्रे हा विलंब आपोआप पाळतात. इन्व्हर्टर यंत्रे स्टॅबिलायझरशिवाय चालतात, असे सांगितले जाते. पण त्यालाही विद्युतदाबाची मर्यादा असते. ती माहितीपुस्तिकेत पाहून, घरातील दाब तिच्या बाहेर जात असल्यास स्टॅबिलायझर लावावा.

तापमानाचाही आयुष्याशी थेट संबंध आहे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती एसी सुरू होताना मुळातच २४ अंशांवर सुरू व्हावेत, असा नियम देशात लागू झाला. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्यानुसार तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. १८ अंशांचा आकडा लावल्याने खोली लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर मात्र थांबत नाही. चेन्नईत अस्वस्थता उष्णतेइतकीच दमटपणामुळे येते. तेथे २५ ते २६ अंश आणि सोबत मंद पंखा पुरेसा ठरतो. रिमोटवरील 'ड्राय' ही सोय पावसाळी हवेत उपयोगी पडते.

बसविण्याचा आणि हलविण्याचा दिवस

यंत्राचे निम्मे भवितव्य ते बसविण्याच्या दिवशीच ठरते. बाहेरच्या युनिटच्या मागे व समोर पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा हवी. अरुंद पोकळीत एकावर एक युनिटे बसविली की खालच्याची गरम हवा वरचे युनिट ओढून घेते. शक्य असल्यास समुद्राच्या थेट समोरची भिंत टाळावी. नळ्यांचे सांधे मोजक्या जोराने आवळावेत. कमी आवळले तर गळतात, जास्त आवळले तर तडकतात.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचे एसी घर बदलताना सर्वाधिक बिघडतात. यंत्र काढण्यापूर्वी त्यातील गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून झडपा बंद करण्याची पद्धत आहे. हे काम प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण त्या वेळी आत हवा ओढली गेली तर कॉम्प्रेसर फुटण्याचा धोका असतो. नळ्यांची तोंडे लगेच बंद करावीत आणि नव्या घरात पुन्हा व्हॅक्यूम करून घ्यावा.

वादळ आणि पूर

डिसेंबर २०१५ चा महापूर, १२ डिसेंबर २०१६ चे वरदा चक्रीवादळ आणि डिसेंबर २०२३ मधील मिचाँग वादळाच्या वेळचा पाऊस चेन्नईकर विसरलेले नाहीत. वादळाचा इशारा मिळताच एसी एमसीबीपासून बंद करावा. बाहेरचे युनिट पुराच्या पाण्यात बुडाले असेल, तर ते वाळल्यासारखे दिसले तरी तपासणीशिवाय सुरू करू नये. वादळी वाऱ्याने आलेले मीठ एरवीपेक्षा कितीतरी अधिक असते. म्हणून हवा निवळताच पहिल्या काही दिवसांतच युनिट गोड्या पाण्याने धुवावे.

वर्षाचे वेळापत्रक

• फेब्रुवारी : उन्हाळ्यापूर्वी पूर्ण सर्व्हिसिंग. विजेच्या जोडण्या, कपॅसिटर, अर्थिंग व चौकट यांची तपासणी.
• मार्च ते सप्टेंबर : दर पंधरा दिवसांनी जाळी, दर महिन्याला बाहेरचे युनिट. मे महिन्यातील 'अग्नि नक्षत्रम'च्या काळात यंत्राला सर्वाधिक ताण असतो. तेव्हा ही कामे चुकवू नयेत.
• ऑक्टोबर : पावसापूर्वी निचऱ्याची नळी साफ करणे.
• नोव्हेंबर ते जानेवारी : छताखालील युनिट पावसाच्या भरवशावर न ठेवता धुणे. वापर नसल्यास आठवड्यातून एकदा थोडा वेळ यंत्र चालविणे.

प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख, केलेले काम आणि भरलेल्या गॅसचे वजन वहीत लिहून ठेवावे. एकाच यंत्रात दोनदा गॅस भरल्याची नोंद दिसली, तर दुरुस्ती झाली नव्हती हे कळण्यास दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

दुरुस्ती की नवे यंत्र?

जाळी, कपॅसिटर, पंख्याची मोटर किंवा एखादा सांधा यांचा बिघाड असेल, तर दुरुस्ती करणेच योग्य. कॉइल अनेक ठिकाणी गळू लागली असेल आणि यंत्र जुने असेल, तर खर्चाचा विचार करावा. आर-२२ वायूवर चालणाऱ्या यंत्रांबाबत हे विशेष खरे आहे. ओझोन थराला हानी पोहोचविणाऱ्या या वर्गातील वायूंवर चालणारी नवी उपकरणे बनविणे भारतात १ जानेवारी २०२५ पासून बंद झाले असून तो वायू पुढे दुर्मीळच होत जाईल. नवे यंत्र घेताना केवळ तारे न पाहता कॉइलचा धातू, त्यावरील लेप आणि हमीपत्रात कॉइल व इलेक्ट्रॉनिक पट्टी किती वर्षे समाविष्ट आहे, हे वाचावे. 'कॉम्प्रेसरवर दहा वर्षे' या मोठ्या अक्षरांत किनाऱ्यावर आधी बिघडणारे भाग येत नाहीत. जुने यंत्र भंगारवाल्याला देऊन त्याच्या नळ्या कापू देण्याऐवजी ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे सोपवावे.

सिरुसेरीत लागू पडणारे हे नियम अलिबाग, रत्नागिरी, मालवण आणि पणजी येथेही तसेच लागू पडतात. विदर्भ व मराठवाड्यात मिठाची जागा धूळ घेते. तेथे गंजापेक्षा तुंबलेल्या पट्ट्या आणि विजेचा अस्थिर दाब हे मोठे शत्रू आहेत. उपाय मात्र फारसे बदलत नाहीत. महिन्यातून अर्धा तास, बादलीभर गोडे पाणी आणि गॅस भरण्यापूर्वी 'गळती कोठे आहे?' हा एक प्रश्न, एवढे केले तर यंत्र अकाली भंगारात जाणार नाही.